दुसरा फटका

सिडकोत, त्रिमूर्ती चौकामागच्या गल्लीत
खैरनारांनी आधी हात उचलला. सगळ्यांनी पाहिलं.
भांडण कशाचं, तर माझ्या स्कूटरचं चाक
त्यांच्या रांगोळीवरून गेलं.

माझ्या हातात पाण्याचा पाइप, पितळी तोटीचा.
पहिला फटका अडवायला.
ते ओट्यावर बसले, कपाळ धरून.

अंबड ठाण्यात हवालदारबाईंनी पेन थांबवलं:
"बसल्यावर किती?"

वकील म्हणतात, स्वसंरक्षण, कलम आहे.
आई म्हणते, बरं केलंस.
त्यांची मनवा शाळेला निघते
ती आता पलीकडच्या कडेनं.

बसलेल्या माणसाचा हात
कपाळावरून पुन्हा माझ्याकडे आला होता का?
रोज वेगळं आठवतं.

पाइप मुद्देमालात जमा.
तुळशीला तांब्यानं पाणी घालतो.
एक तांब्या पुरतो.