शून्य तक्रारी

नोव्हेंबरात रिगामध्ये साडेतीनलाच दिवा लागतो.
तिसऱ्या मजल्यावर स्काइद्रिते तक्ता उघडते:
एकोणचाळीस तपासणी कार्यालयं,
सहा लेखापरीक्षक, त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर,
आणि पुढल्या अख्ख्या वर्षाचे मिळून एकशे चाळीस दिवस.

आपण डुक्कर तपासत नाही, ती नव्या मुलाला सांगते.
डुक्कर तपासणारा नीट तपासतो का, ते बघतो.
मुलाचं नाव रेनार्स. परवापर्यंत गुरांचा डॉक्टर होता,
नखांच्या कडांना अजून आयोडीनचा पिवळेपणा.
म्हणजे कुंपणाची राखण, तो म्हणतो.
हो. आणि कुंपण शेत खात असतं ना,
तेव्हा ते फार नीटनेटकं दिसतं.

धोका म्हणजे गुणाकार.
काय बिघडू शकतं, गुणिले किती जणांचं,
गुणिले आपण शेवटचे कधी गेलो होतो.
किनाऱ्यावरचे धुरी दिलेल्या माशांचे कारखाने: लाल.
सीमेवर रात्रभर उभे राहणारे वासरांचे ट्रक: लाल,
पाण्याच्या नळ्या थंडीत गोठतात म्हणून आणखी लाल.
कोंबड्यांची पिल्लं, पिवळी. रंगसुद्धा पिवळा.
मध हिरवा. मधाला कोण घाबरतं?

उंटावरून शेळ्या हाकायचं काम आहे हे, ती हसते,
फक्त उंट हलत नाही, आणि शेळ्या आकड्यांच्या.

मग वेत्सकाल्ने.
अकरा वर्षं हिरवं.
तक्रारी शून्य, दंड शून्य,
शुद्धीत असताना कापलं गेलेलं जनावर: शून्य.
गुणाकारात एक शून्य आलं की सगळंच शून्य,
हे तिसरीतल्या पोरालाही येतं.
ती खाली सरकते.

थांबा, रेनार्स म्हणतो.
मी तिथे दोन हिवाळे काढलेत.

तो खिडकीकडे बघत बोलतो, जिथे आता
खिडकीऐवजी त्याचाच चेहरा आहे.
आर्विद्स वाईट माणूस नाही हो.
कत्तलखान्यात दर गुरुवारी येतो. दर गुरुवारी.
गुरुवारी बधिर करायचं यंत्र नवं असल्यासारखं चालतं,
गुरुवारी रांग हळू सरकते, फरशी कोरडी असते.
सोमवारी मी डुकराची पापणी लवताना पाहिली,
आकड्याला उलटं टांगल्यावर.

तू तक्रार नाही केलीस?

फॉर्मवर सही लागते.
आर्विद्सची बहीण आणि माझी आई
एकाच जिन्यावर राहतात.
आईचा गुडघा दुखला की तीच पाव आणून देते.

झाकली मूठ, स्काइद्रिते मनात म्हणते,
अकरा वर्षं आपण तिला सव्वा लाखाची धरली.
सूत्र तिनंच लिहिलं होतं, सात वर्षांपूर्वी,
आणि त्याबद्दल तिला एक फुलदाणीही मिळाली होती.
जिन्यावरच्या पावाला
त्यात रकाना नाही.

चार दिवस हवेत. कुठून काढायचे?
दोन मधातून, ते सोपं.
उरलेले दोन माशांतून काढताना बोट थांबतं:
ज्या कारखान्यात आता कुणी जाणार नाही
तिथलीच एखादी थाळी कुणाच्या तरी बारशाला गेली तर?
याचं उत्तर ऑगस्टमध्ये कळेल, किंवा कधीच नाही.
ती काढते.

तक्ता विचारतो: बदलाचं कारण?
कारण लिहावंच लागतं; तिचेही परीक्षक असतात.
ती लिहिते, कुणीतरी सांगितलं. पुसते.
लिहिते, अनुभव. तेही पुसते.
मग लिहिते: तक्रारी अविश्वसनीयरीत्या कमी.
सांगणाऱ्याच्या नावाला इथे जागा नाही, रेनार्स,
सूत्रातली तेवढी एक गोष्ट मला बरी जमली होती.

तो आयोडीनचं नख खरवडत राहतो.

वेत्सकाल्ने. मार्च, दुसरा आठवडा.
पूर्वसूचना: नाही.
वार: गुरुवार सोडून कोणताही.