कड

शेंदूरजना घाटच्या नर्सरीत
एकेचाळीस हंगाम मी डोळे बांधले,
जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा.
सालीला चीर द्यायची, साल उचलायची
आणि आतल्या लाकडाला कळू द्यायचं नाही.
लाकूड दुखलं की डोळा काळा पडतो.
मग मालक सुरीला बोलत नाही,
म्हणतो, उकंड्याचा हात गेला.

डॉक्टर कुंभलकर बाईंनी कागदावर चित्र काढलं.
गाठ अक्रोडाएवढी, म्हणाल्या.
मी अक्रोड पाहिलेला नाही. आवळ्याएवढी?
बरं, आवळा, त्या हसल्या.
आवळ्यातून लघवीची नळी जाते,
दोन्ही अंगांना नसा,
कांद्याच्या पापुद्र्यासारख्या चिकटलेल्या.
नसा राखायच्या तर जवळून सोलावं लागेल,
आणि आजार पापुद्र्यापर्यंत आला असेल तर तो मागे राहील.
रुंद कापलं तर निघेल, बहुतेक.
पण मग...
इथे त्या पंचफुलाकडे पाहू लागल्या.

पंचफुला पंख्याकडे पाहत म्हणाली,
"रुंद कापा. मले मानूस पायजे.
बाकीचं आमचं झालं."
मला वाटलं होतं, मला विचारतील.

बाई, हे मला ठाऊक आहे, मी म्हणालो.
डिंक्या लागला की बुंधा रडतो.
सुरीने खरडत जायचं, तपकिरी संपेपर्यंत,
हिरवी ओली साल लागेपर्यंत,
त्याच्याही पुढे बोटभर,
मग बोर्डोचं मलम.
कमी खरडलं तर पुढच्या साली डिंक परत,
जास्त खरडून साल चहूकडून तुटली
तर झाड उभ्या उभ्या वाळतं.
दोन्हीकडून मेलेली झाडं माझ्या खात्यावर आहेत.

मग मी विचारून टाकलं, तुम्ही अशा किती केल्या?
त्यांनी उलट विचारलं,
तुम्ही दिवसाला किती डोळे बांधता?
सातशे. सीझनात आठशे.
लागतात किती?
शंभरात नव्वद.
आणि पहिल्या वर्षी?
मी चपलेचा अंगठा पाहत बसलो.
"माझंही तसंच होतं," त्या म्हणाल्या.
"आता बरं आहे."
त्या एका शब्दावर मी सही केली.

अकरा दिवस पिशवी बाळगली,
खताच्या कंपनीच्या थैलीत लपवून.
वरुडच्या बसमध्ये एकाने विचारलं,
बियाणं का कोनचं?
म्हटलं, हो, नवीन आहे, अजून पडताळायचं आहे.

रिपोर्ट आला. डावी कड मोकळी.
उजवी मोकळी, तिथल्या नसा वाचल्या होत्या.
खालच्या टोकाशी, दोन मिलिमीटर,
कड लागलेली.
बाईंनी कागद माझ्याकडे फिरवला.
"लघवी धरणारा स्नायू तिथेच असतो.
तिथे माझा हात थांबला."
हात म्हणाल्या. केस नाही, नशीब नाही.
त्या रात्री मला बरी झोप लागली,
कारण सांगता येत नाही.

आता दर तीन महिन्यांनी रक्त.
शून्य पॉइंट शून्य चार. मग शून्य पाच.
लॅबवाला पोरगा म्हणतो, काका, काहीच नाही.
मी सहावा आकडा मनात धरून घरी येतो.
हसलो की थेंब गळतो.
पंचफुलाने जुन्या धोतराच्या घड्या शिवल्या आहेत,
दोरीवर त्या पोराच्या दुपट्यांसारख्या वाळतात,
आणि शेजारीण विचारते, सून कधी आली?

नर्सरीत अजून जातो. सुरी धरत नाही,
नवीन पोरांना दाखवतो.
काल राठ्यांच्या बागेतलं एक झाड रडत होतं.
सोपान खरडत होता, हात हलका आहे त्याचा.
"बाबा, कुठलोग खरडू?"
मी वाकलो. अंगठ्याने कड दाबली,
ओली होती, पण कशाने, ते दिसेना.
थोडं अजून, मी म्हणालो.
त्याने सुरी लावली.
थांब, मी म्हणालो.
मग, नाही, थोडं अजून.