आवक

सांगलीत आवक म्हटलं की लोकांना हळद आठवते,
यार्डात किती पोती उतरली, भाव काय फुटला.
माझ्या टेबलावर आवक म्हणजे एक लांबडी वही,
एक रबरी शिक्का आणि सुकत चाललेलं जांभळं पॅड,
ज्यात मी दर सोमवारी पाण्याचे चार थेंब टाकते.

बुधवारी कुपवाडहून पाकीट आलं.
फाउंड्री. कामगार एकशे सत्त्याऐंशी.
सोबत यादी, सेवाज्येष्ठतेनुसार,
म्हणजे शेवटी आलेला आधी जाणार
आणि पहिल्या नंबरचाही जाणारच,
भट्टीच विझवायची आहे.
कारणाच्या रकान्यात मला निवडता येतं
मंदी, कच्चा माल, आधुनिकीकरण, इतर.
मंदी निवडली. गेल्या तिमाहीतही तीच होती,
आता बाण आपोआप तिच्यावर जाऊन थांबतो.

मुंबईला चारच्या आत आकडा हवा असतो.
तिथे कुणीतरी सगळे जिल्हे ओवून
राज्याची एक निळी रेघ काढतं.
साहेबांनी एकदा रंगीत प्रिंट दाखवली होती,
"ही बघा, इथे जरा उतरलीय."
मी सांगली शोधत राहिले.
सांगली रेघेच्या जाडीत गेली होती.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत दस्तगीर नदाफ आले.
मी डबा झाकला.
बाह्यांची बटणं लावून आलेले, तरी मनगटावर
ठिणग्यांचे पांढरे ठिपके दिसत होते.
"यादीत माझं नाव बघा की."
न पासून बघितलं, द पासून बघितलं,
मग एकेका ओळीवरून पट्टी सरकवत नेली.
सुकुमार मगदूम होते. दोन लेंगरे होते.
"ह्यातला धाकटा माझ्या हाताखाली शिकला."

सतरा वर्षं मोल्डिंगला, बहुतेक रात्रपाळी.
ठेकेदार तीनदा बदलला, भट्टी तीच.
मी तोंड उघडलं आणि नियमच बाहेर आला:
तुम्ही कंपनीच्या हजेरीपटावर नाही,
पटावर नाही त्याला कमी करता येत नाही.
ते रागावले नाहीत.
"मग मला काढलं, एवढं तरी लिहून द्या.
काढलं म्हटल्यावर, होतो असं होतंय न्हवं?"

याला नमुना नाही.
त्यांनी मुलीच्या चाररेघी वहीचं पान काढलं.
मराठी चार रेघांत मावत नाही,
वेलांट्या वरच्या ओळीत घुसत होत्या.
शिक्का दोनदा मारावा लागला.
पोच घडी करून त्यांनी
आधारकार्डाच्या प्लास्टिकात सरकवली.

शुक्रवारी अकरा जण आले.
सोमवारी जिन्यात रांग.
कुणाकडे लग्नपत्रिकेची पाठकोरी बाजू,
कुणाकडे भडंगाच्या दुकानाचं बिल.
साहेब म्हणाले, "हे कशात धरायचं? आकडा वर गेला."
खरंच गेला होता. एकशे सत्त्याऐंशी.

मी पॅडवर पाणी टाकलं.
तारीख, नाव, गाव लिहून झालं की वहीत
बोटभर रुंदीचा एक रकाना उरतो. विषय.
गुरुवारचा मी रिकामाच सोडला होता.
तिथे लिहिलं,
कामावर होतो, याबाबत.
खाली वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे,
पानाच्या तळापर्यंत.
पान उलटलं तर वर काहीच नव्हतं,
म्हणून पुन्हा पूर्ण लिहिलं.