शिफारशीचा रकाना

अर्जदार: रेवती गांगुर्डे, वय एकोणीस,
स्वयंसेवक, कनिष्ठ गट, राहणार पाथर्डी फाटा.
विषय: स्वतःच्या दुचाकीत वायरलेस संच मिळणेबाबत.
अक्षर सुबक. खाली दोनदा ‘तरी विनंती’.
एकदा पुरली असती.

साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला,
“तुम्ही शिकवलंय तिला, तुम्हीच लिहा.”
रकाना दीड इंचाचा.
पेनाचं टोपण सकाळपासून टेबलावर.

ती म्हणते, फोन उशिरा येतो.
खरं आहे.
अंबडला फोमचं गोदाम पेटलं तेव्हा
ग्रुपवर निरोप पडेतो पत्रे वाकून खाली आले होते.
ती तीन गल्ल्या पलीकडे,
बहिणीला क्लासला सोडत होती.
धूर तिनं आधी पाहिला, आम्ही कळवलं नंतर.
पाण्याचा वॉल्व्ह कुठल्या टपरीमागे आहे
ते आमच्या नकाशात नव्हतं,
तिला पाठ होतं.

हे सगळं लिहायला रकाना पुरत नाही.
आणि दुसरं लिहायचं
तर मला भद्रकालीच्या त्या बोळात परत जावं लागतं.

वीस वर्षांचा होतो. दुरुस्तीला नेलेला जुना संच
रात्री उशाशी घेऊन झोपायचो.
खरखर ऐकून आई म्हणायची,
एवढ्या रात्री कोण रे तळतंय?
एकदा त्या खरखरीतून बोळाचं नाव आलं
आणि मी सुटलो,
बनियनवर खाकी शर्ट, पायात स्लिपर.
बंबाच्या चार मिनिटं आधी पोचलो.
केवढा अभिमान त्या चार मिनिटांचा!
गाडी बोळाच्या तोंडाशी लावली,
सवयीनं हँडल लॉक केलं,
चावी खिशात टाकून आत धावलो.

बंब आला आणि माझ्या एम-एटीपाशी थांबला.
हॉर्न मी ऐकला.
वाटलं, मलाच हाक आहे, शाब्बास म्हणून.

माडीवर एक शिलाईवाला होता.
त्याचं नाव या कागदावर नको.

गाडी चौघांनी उचलून बाजूला ठेवली.
साडेसहा मिनिटं. नोंदवहीत आहेत,
कारणाच्या जागी ‘अडथळा’, एवढंच.
लिहिलं होतं दळवीमामांनी.
माझ्याकडे पाहिलं नाही त्यांनी.
हात पुढे करून चावी मागितली फक्त,
आणि मला ती खिशात सापडेना.

मग लिहू का, देऊ नये?
पण संचानं काय केलं होतं?
बोळाचं नाव सांगितलं. बरोबर सांगितलं.

दुपारी तिला केंद्रावर बोलावलं.
आली घामाघूम, हेल्मेट काखेत,
चॅनेल, सांकेतिक शब्द, सगळं घोकून आलेली.
मी त्यातलं काही विचारलं नाही.
म्हटलं, गाडी कुठं लावशील?

ती लगेच बोलली नाही.
खिडकीतून तिनं बंबाकडे पाहिलं,
मग स्वतःच्या स्कूटरकडे,
जी बंबाच्या बरोबर समोर
पिवळ्या पट्ट्यावर उभी होती.
कानाच्या पाळ्या लाल झाल्या.
“आत्ता काढते, सर.”

वरून पाहत होतो.
फाटकाबाहेर, पार उंबराखाली नेली तिनं गाडी.
स्टँड लावला. दोन पावलं आली,
थांबली, मागे गेली,
आणि खिशातली चावी परत गाडीला लावून आली.

त्या बोळाचं मी तिला कधी सांगितलेलं नाही.

साहेब विचारून गेले, झालं का लिहून?
अजून नाही, म्हटलं.
स्टोअरात तीन संच आहेत,
एकाची बॅटरी फुगलेली.
उरलेले दोन मी पुसले
आणि चार्जिंगला लावले.