बिब्ब्याची खूण

परचुऱ्यांची खूण दोन ठिपके, खाली रेघ.
बिब्ब्याची. कापड विरेल, खूण नाही जायची.
अल्पाक्याच्या काळ्या कोटाला
मी ती अस्तरावर केली होती, खिशाच्या आत.

वासू आला तेव्हा ओंकारेश्वराच्या घाटाखाली
भट्टी उतरवत होते.
म्हणाला, गिरजे, बाबांचा कोट दे.
ओला आहे, म्हटलं.
ओला तर ओला. संध्याकाळी लकडी पुलापलीकडे होळी आहे.
विलायती मालावर बहिष्कार.

म्हंजे काय रे?

म्हंजे साहेबाचं कापड वाळीत टाकायचं.

आता वाळीत टाकणं मला कुणी शिकवायला नको.
थोरल्या बहिणीला पंचांनी टाकलेलं, साडेतीन वर्षं.
कुणी मारलं नाही तिला, शिवी दिली नाही.
फक्त चुलीला विस्तव दिला नाही,
आणि मूल गेलं तेव्हा दारात कुणी उभं राहिलं नाही.
झिजली. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या.
साहेब केवढा मोठा,
पण बघू, म्हटलं, झिजतो का.

कोट पिळून दिला.

रात्री धूर नदीवरून वस्तीत आला,
केस जळल्याच्या वासाचा.

सकाळी परचुरे स्वतः. कचेरीची वेळ, अंगात नुसता सदरा.
सात नग होते, गिरजे. सहाच कसे?
वासू मागे छत्री धरून उभा,
माझ्याकडे बघत नव्हता.
नदीनं नेला, म्हटलं.
मुठेला गुडघाभर पाणी, तेही निवळ.
त्यांनी पाण्याकडे बघितलं, पोराकडे बघितलं,
आणि माझी चार महिन्यांची मजुरी कापली.

दुपारी पाटी घेऊन पुलापलीकडे गेले.
भट्टीला राख लागतेच.
चाळली तर बटणं निघाली, हूक निघाले,
एक अर्धी कॉलर.
राख काही फार कामाची नव्हती. लाकडाची ती लाकडाची.

दिवाळीनंतर गाठोड्यात वासूचं नवं धोतर आलं,
जाडंभरडं, सोलापुरी.
पाणी प्यालं की वासराएवढं जड,
धोंड्यावर आपटताना खांदा निखळायचा,
आणि दर जुनाच, नगावर.
घरी गेलं की त्याची आई ते पुन्हा पाण्यातून काढणार,
माझा हात लागला म्हणून.
ही चाल काही विलायती नव्हती.

बिब्बा तापवला, सुई खुपसली.
दोन ठिपके, खाली रेघ.