कुटुंबाचं उत्पन्न

सव्वादोनला सर्व्हर परत आला
आणि तानुबाई सातपुते पुन्हा माझ्या खिडकीशी.
हातात पिशवी, पिशवीत पिशवी,
तिच्यात आधार, रेशनकार्ड, दाखला, दोन फोटो.
फोटोत त्या जरा दचकलेल्या.

"मी आलो गं बाई परत," म्हणाल्या.
आमच्या कोल्हापुरात बायका अशाच बोलतात,
आलो, गेलो, बसलो.
बोलण्यात बाप्या. कागदावर अमक्याची बायको.

सुभाषनगरातून चालत आल्या होत्या.
पन्नास वर्षं चपलांच्या वेण्या घातल्या त्यांनी,
चामड्याच्या, सुतळीएवढ्या बारीक.
अंगठा त्यात इतका झिजलाय
की मशीन ठसाच घेत नाही.
पदरानं पुसला, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा.
त्या वेण्या महाद्वार रोडला काचेमागं टांगलेल्या असतात.
मजुरी आधी सासऱ्याच्या वहीत जायची,
मग दिराच्या, मग नवऱ्याच्या.

नवरा रंगराव, महापालिकेत चावीवाले.
पहाटे चारला लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचे
आणि अख्ख्या पेठेला पाणी सोडायचे.
आता रिटायर. पेन्शन आहे.
कार्ड शर्टाच्या आतल्या खिशात,
रात्री शर्ट उशाखाली.

"किती मिळते हो त्यांना?"
"मला काय म्हाईत?
मी इचारलं न्हाई, त्यांनी सांगितलं न्हाई.
दुधाचं त्येच भागिवत्यात.
माझ्या गुडघ्याच्या गोळ्या भाची आणती."

रकाना आला: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न.
मी दाखल्यावरचा आकडा मोठ्यानं वाचला, सवयीनं,
दोन लाख सोळा हजार,
आणि टाकला.
लाल अक्षरं आली. अपात्र.

पण त्या लाल अक्षरांकडं बघतच नव्हत्या.
"म्हयन्याला किती झालं?"
"अठरा हजार."
मागचा माणूस खोकला.
कुणाचा तरी टोकन नंबर पुकारला गेला.
"परवाच म्हणालं," तानुबाई म्हणाल्या,
"बटाटं लई महागल्यात, रस्सा पातळ कर."

मी नियम सांगितला.
नवऱ्याचं ते तुमचंच धरतात, मावशी.
घर एक, चूल एक, उत्पन्न एक.
सांगताना माझाच आवाज मला
भिंतीवरच्या तक्त्यासारखा वाटला.

"थांब जरा," त्या म्हणाल्या.
"पै-पावण्यात मालक माझी ओळख कशी करून देत्यात?
हे आमचं कुटुंब.
म्हंजे मी. एकटी मी.
मग कुटुंबाचं उत्पन्न म्हंजे माझंच की!
लिव, शून्य."

मी हसले. मग हसू कुठं ठेवावं कळेना.
रकान्यात शून्य टाकून पाहिलं, खरंच टाकलं.
दाखल्याशी जुळत नाही, मशीन म्हणालं.

रद्द करू का, विचारलं.
कर म्हणाल्या, आणि पदराची गाठ सोडून
फॉर्मचे पैसे मोजून ठेवले.
राहू द्या म्हटलं तर ऐकेनात.
"तेवढा आकडा लिवून दे बाई.
अक्षर वळखत न्हाई मी. आकडं वळखतो."

टोकनच्या पाठीमागं मी लिहिलं, १८०००.
त्यांनी शून्यांवरून वाकडा अंगठा फिरवला,
वेणीचे पदर मोजावेत तसा, एक, दोन, तीन.
मग चिठ्ठी पिशवीतल्या पिशवीत गेली,
आधारच्या आत, फोटोंच्या मधोमध.

"येतो मी," म्हणाल्या.

खिडकीबाहेर चपला काढून ठेवल्या होत्या त्यांनी.
रबरी. एक अंगठा दोऱ्यानं शिवलेला.