मागून दुसरी

पहिल्या मुलाखतीसाठी मी दाढ पुढे केली.
चुरी साहेबांना म्हटलं, रूट कॅनल आहे,
डावीकडची, खालची, मागून दुसरी.
खोटं बोलायचं तर पत्ता पूर्ण द्यावा,
डिस्पॅचला चौदा वर्षं काढून एवढं तर शिकलेच.

साहेब हळहळले. म्हणाले, तीन सिटिंग तरी लागतील.
मी मनात म्हटलं, बरोबर,
तिकडेही तीनच फेऱ्या सांगितल्यात.

महापेहून वागळे इस्टेट.
एक बस, एक शेअर रिक्षा,
आणि तीन हात नाक्याच्या सिग्नलला
रिक्षाच्या आरशात लावलेली लिपस्टिक.

काचेच्या खोलीत, माझ्या भाच्याच्या वयाच्या मुलानं विचारलं,
पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?
पाच वर्षं!
मला पाच तारखेपर्यंतचं दिसतं.
पाचला घराचा हप्ता, सातला ओवीची स्कूलबस,
दहाला भिशी,
आणि ज्यांना तारीखच नाही ते भावजींचे वीस हजार,
कुणी मागत नाही
म्हणून रोज आठवतात.
मी म्हटलं, टीम सांभाळताना.
त्यानं मान हलवली, काहीतरी टाइप केलं.

मग फॉर्म आला.
सध्याचा पगार लिहायला एक सेकंद लागला.
त्याच्या शेजारी होतं, अपेक्षित.
अपेक्षित, या शब्दापुढे आकडा घालायचा असतो
हे मला एकेचाळिसाव्या वर्षी कळलं.
एक आकडा लिहिला.
तो इतका उघडा वाटला
की भाजीवालीशी करावी तशी घासाघीस
मीच माझ्याशी केली
आणि दोन हजार कमी केले.
बसमध्ये दिघ्यापर्यंत स्वतःला शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना
उजवीकडून चावायचं लक्षात ठेवलं.
रेश्मानं माझ्यासाठी मऊ भात आणला होता, वर तूप.
साहेबांनी ड्रॉवरमधून लवंगेच्या तेलाची बाटली काढली,
म्हणाले, राहू द्या तुमच्याकडे, आमच्याकडे आहे दुसरी.
माणसं चांगली असली की
नोकरी सोडणं महाग पडतं.
हा खर्च कुठल्या रकान्यात लिहायचा
मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाटली पर्समधून घरी आली,
कोपरखैरणे, सेक्टर एकोणीस, मीटर रूमच्या वरची खोली.
दिगंबरनं काही न विचारता झाकण उघडलं,
कापसाचा बोळा बुडवला
आणि आ करून आत दाबला.
डावीकडे. खाली.
मागून दुसरी.

बोनकोड्याच्या डॉक्टरांचा कागद फ्रिजवर आहे,
साडेआठ हजार, कॅप धरून.
दिवाळीच्या आधीपासून आहे.
तुर्भ्याच्या कंपनीनं त्याचा ओव्हरटाइम बंद केला
त्याच आठवड्यातला.
रात्री तो गाल उशीत दाबून झोपतो
आणि विचारलं की म्हणतो, तुझं होऊ दे आधी.

म्हणजे दाढ मी उसनी घेतली होती.
घरातली घरात, विचारल्याशिवाय.

काल तिसरी फेरी झाली.
परत येताना ऐरोलीला उतरून
ओवीसाठी कंपासपेटी घेतली, बिजागरी तुटलीय म्हणत होती.
रात्री वहीत नवा पगार पेन्सिलनं लिहिला,
हलक्या हातानं, खोडला तरी वळ राहू नये असा.
त्याच्याखाली पहिलाच खर्च: दाढ, ८५००.
ओवीनं खांद्यावरून वाचलं.
कुणाची गं?
म्हटलं, झोप आता, उद्या युनिट टेस्ट आहे.

आज जेवणाच्या सुट्टीत साहेब टेबलापाशी थांबले.
झाली का एकदाची तुमची दाढ?
तिन्ही सिटिंग झाली, मी म्हटलं.
मग आता?
फोन पर्समध्ये होता, सायलेंटवर,
सकाळपासून अकरा वेळा पाहिलेला.
म्हटलं, सोमवारपर्यंत कळवतो म्हणालेत.
ते म्हणाले, हे डॉक्टर लोक असेच.
मी हो म्हणाले
आणि पोळीचा घास
उजव्या बाजूला सरकवला.